नागरी गाडीच्या किटमधून आधुनिक लष्करी मॉडेल: किट शोधण्यापासून धूळ चढवण्यापर्यंत

रणगाड्यांची किट भरपूर मिळतात. पण १९८० नंतरच्या जवळपास कुठल्याही युद्धाची छायाचित्रं उघडा, त्यांत रणगाड्यांच्या आजूबाजूला पिकअप, जीप, व्हॅन आणि साध्या मोटारी उभ्या दिसतील. चाड आणि लिबियाच्या युद्धाच्या १९८६-८७ मधल्या शेवटच्या टप्प्याला तर 'टोयोटा युद्ध' हेच नाव पडलं, कारण चाडचे सैनिक पिकअपवर मिलान ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं बसवून लढले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमालियात अशा सशस्त्र पिकअपला 'टेक्निकल' म्हणायला लागले आणि तो शब्द जगभर रुळला. अमेरिकी सैन्याने १९८४ पासून शेवरलेच्या पिकअप आणि ब्लेझर थोडेफार बदल करून हजारोंनी घेतल्या. यांतल्या बहुतेक गाड्या लष्करी किट म्हणून मिळत नाहीत, पण त्यांची नागरी भावंडं मोटारींच्या किटमध्ये सापडतात.

अडचण अशी, की मोटारीचं किट शोरूममधली चकचकीत, रिकामी गाडी दाखवण्यासाठी बनवलेलं असतं. तुम्हाला हवी असते ओझं वाहणारी, ठोकलेली, वापरलेली गाडी. नुसता हिरवा रंग मारून हे अंतर मिटत नाही. गाडीवरचं वजन दिसलं पाहिजे आणि लावलेली प्रत्येक वस्तू गाडीला खरोखर कुठेतरी जोडलेली वाटली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत.

## सुरुवातीला काय जवळ असावं

- ०.०५ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्निअर कॅलिपर. याच्याशिवाय काम सुरूच करू नका.
- ०.२५, ०.५ आणि १ मिमी जाडीच्या प्लास्टिक शीट, शिवाय १ ते २ मिमीच्या एल आकाराच्या आणि गोल पट्ट्या
- ०.३, ०.५ आणि ०.८ मिमी पितळी किंवा तांब्याची तार
- बारीक दातांची करवत, धारदार कटर, लहान कानशी, ४०० ते २००० नंबरचे सँडपेपर
- ०.३ ते १ मिमीचे ड्रिल आणि हाताने फिरवायचा ड्रिल-पकड
- पातळ प्लास्टिक सिमेंट, सुपरग्लू, पांढरा गोंद, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी
- प्रायमर, चकचकीत आणि मॅट व्हार्निश, मास्किंग टेप
- धूळ अडवणारा मास्क आणि हातमोजे. रेझिन (साच्यात ओतून केलेल्या भागांचं कडक प्लास्टिक) घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. रेझिन पाण्यात ओलं करूनच घासा.

कागदोपत्री एवढं हवं: निवडलेल्या गाडीची चारही बाजूंची छायाचित्रं, तिच्या उत्पादनाची वर्षं, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर), एकूण लांबी-रुंदी आणि टायरचा आकडा. हे एका कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर लावा.

## १. आधी एक खरी गाडी निवडा, किट नंतर

हातात आलेल्या किटचं काय करता येईल, असा विचार केला की काम भरकटतं. एक छायाचित्र निवडा आणि तीच गाडी बनवायची हे ठरवा. साधारण चार प्रकार समोर येतात.

पहिला प्रकार सैन्याने अधिकृतपणे घेतलेल्या गाड्यांचा. ब्रिटिश लँड रोव्हर, जर्मन सैन्याच्या फोक्सवॅगन व्हॅन, अमेरिकेची ब्लेझरवर आधारलेली एम १००९. या गाड्यांत बदल ठरावीक असतात, त्यामुळे नवख्याला सोप्या. दुसरा, संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या गाड्या. यात कापाकापी फार कमी, आणि पहिल्या प्रयत्नासाठी मी हाच प्रकार सुचवेन. तिसरा, हौद्यात तोफ बसवलेले पिकअप, सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात फसवे. चौथा, डायोरामात (मॉडेल मांडलेल्या छोट्या देखाव्यात) रस्त्याकडेला उभ्या किंवा जळून गेलेल्या मोटारी.

गाडीचं नुसतं नाव पुरत नाही, वर्षही लागतं. लँड रोव्हर सीरीज ३ चा १०९ इंची व्हीलबेस २७६९ मिमी आणि तिच्यानंतर आलेल्या लँड रोव्हर वन-टेनचा ११० इंची व्हीलबेस २७९४ मिमी. १/२४ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलमध्ये, फरक जेमतेम १ मिमी, म्हणून सीरीज ३ चं किट घेऊन वन-टेन करण्याचा मोह होतो. पण सीरीज ३ ला पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन आहे, वन-टेनला कॉइल स्प्रिंग. सीरीज ३ ची पुढची जाळी मडगार्डांच्या आत दबलेली, वन-टेनची पुढे आलेली. वन-टेनच्या चाकांवर रुंद कमानी आहेत, पुढची काच एकसंध आहे. म्हणजे जवळजवळ अख्खी गाडी नव्याने बनवावी लागते. शिवाय 'डिफेंडर' हे नाव १९९० मध्ये आलं. त्याआधीच्या गाडीवर त्या नावाचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील अक्षर किंवा चित्र) लावलं तर जाणकाराच्या नजरेतून सुटणार नाही.

तीच गत ब्लेझरची. शेवरलेने या मालिकेचा चेहरा १९८१ मध्ये बदलला. १९७० च्या दशकातल्या ब्लेझरचं किट घेतलंत तर १९८४ नंतरच्या एम १००९ साठी ग्रिल, दिवे आणि बॉनेटची पुढची कड बदलावी लागेल.

## २. स्केल खोक्यावर वाचू नका, मोजा

इथे घाई केलेली नंतर दुरुस्त होत नाही. आधुनिक लष्करी मॉडेल प्रामुख्याने १/३५, १/७२ आणि १/४८ मध्ये बनतात. मोटारींचं जग वेगळं: जपानी आणि युरोपीय किट बहुतांशी १/२४, अमेरिकी किट बहुतांशी १/२५, धातूच्या तयार गाड्या १/४३, १/६४ किंवा १/७६, रेल्वे मॉडेलसोबतच्या गाड्या १/८७. या दोन जगांची भेट क्वचित होते.

खोक्यावर छापलेला आकडा काही वेळा अंदाजे असतो. जुन्या किटमध्ये आणि खेळण्यातल्या धातूच्या गाड्यांत गाडी खोक्याच्या मापात बसवण्यासाठी स्केल ओढूनताणून ठरवलेलं आढळतं. उपाय सोपा: खऱ्या गाडीचा व्हीलबेस मिलिमीटरमध्ये घ्या आणि मॉडेलवर मोजलेल्या व्हीलबेसने भागा. येणारं उत्तर हेच खरं स्केल. २७९४ मिमी व्हीलबेसची लँड रोव्हर मॉडेलमध्ये एवढी भरली पाहिजे:

- १/२४: ११६.४ मिमी
- १/२५: १११.८ मिमी
- १/३२: ८७.३ मिमी
- १/३५: ७९.८ मिमी
- १/४३: ६५ मिमी
- १/४८: ५८.२ मिमी
- १/७२: ३८.८ मिमी
- १/७६: ३६.८ मिमी

नुसत्या व्हीलबेसवर थांबू नका. रुंदी आणि उंचीही तशीच तपासा. लांबीचं स्केल ३२ आणि उंचीचं २९ येत असेल तर ती गाडी खेळणं आहे, मॉडेल नाही. ती बाजूला ठेवा.

आता कुठलं स्केल कुठल्यासोबत चालतं? १/२४ आणि १/२५ मध्ये सुमारे ४ टक्के फरक आहे. सामान, शस्त्रं, माणसं एकमेकांत खपतात, पण एकाची चॅसी आणि दुसऱ्याची बॉडी जोडायला गेलात तर चाकं कमानीच्या मध्यावर येत नाहीत. १/७२ आणि १/७६ मधला फरक साडेपाच टक्के. गाड्या एकमेकींपासून दूर असतील तर चालतो, शेजारी उभ्या केल्या तर टायरांवरून पकडला जातो. १/४८ सोबत १/५० चे बांधकामाचे ट्रक चालून जातात. १/४३ मात्र १/४८ पेक्षा जवळपास १२ टक्के मोठं आहे. ही जोडी टाळा.

१/३५ सोबत १/३२ वापरावं का, हा नेहमीचा प्रश्न. फरक ९ टक्क्यांहून थोडा जास्त आहे. मोटार किंवा जीप असेल तर नको, कारण तिचा आकार सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो. ट्रॅक्टर असेल तर विचार करा. ट्रॅक्टर लहान-मोठे सगळ्या आकाराचे असतात आणि १/३२ मध्ये शेतीची वाहनं भरपूर मिळतात, सिकूची शेती मालिका याच मापाची आहे. २०२२ नंतर रणगाडे ओढून नेणाऱ्या युक्रेनी ट्रॅक्टरांची छायाचित्रं सर्वांनी पाहिली आहेत. तसा देखावा करायचा तर १/३२ चा ट्रॅक्टर घेऊन सीट, स्टेअरिंग आणि पायऱ्या १/३५ च्या करा. माणसाच्या शरीराशी संबंध येणाऱ्या वस्तू बरोबर असल्या की बाकी आकार डोळा मान्य करतो.

विकत घेतलेल्या शस्त्रांचं आणि सामानाचंही स्केल तपासा. कसोटीसाठी तीन आकडे पाठ ठेवा. २० लिटरचा जेरीकॅन सुमारे ४७० मिमी उंच: १/३५ मध्ये १३.४, १/२४ मध्ये १९.६ मिमी. एके रायफल ८८० मिमी: १/३५ मध्ये २५, १/२४ मध्ये ३६.७ मिमी. दुश्का मशीनगन १६२५ मिमी: १/३५ मध्ये ४६.४, १/२४ मध्ये ६७.७ मिमी.

## ३. किट कुठे आणि कसं शोधायचं

१/३५ मध्ये आधी थेट मिळतं का ते पाहा. मेंग कंपनीचा झेडयू-२३-२ तोफ बसवलेला पिकअप आणि एके इंटरॅक्टिव्हची एफजे ४३ (टोयोटा लँड क्रूझरचा जुना प्रकार) ही दोन किट याच कामासाठी आहेत. मिनीआर्टच्या १/३५ मोटारी सुंदर आहेत, पण त्या मुख्यत्वे १९३०-४० च्या दशकांतल्या. खोक्यावर 'नागरी मोटार' दिसलं म्हणून आधुनिक देखाव्यासाठी उचलू नका.

१/२४ मध्ये निवड मोठी आहे. तामियाची लँड क्रूझर ८०, आओशिमाची हायलक्स, रेव्हेलची फोक्सवॅगन टी३ (ही १/२५ मध्ये), इटालेरी आणि रेव्हेलची लँड रोव्हर १०९, मेंगची फोर्ड एफ-३५०. अमेरिकी पिकअप आणि ब्लेझरसाठी एएमटी, रेव्हेल आणि मोनोग्रामची १/२५ व १/२४ मधली किट चाळा. १/७२ मध्ये एस कंपनीच्या रशियन यूएझेड गाड्या आहेत. १/७६ मध्ये ऑक्सफर्ड डायकास्टच्या तयार ब्रिटिश गाड्या भरपूर. १/८७ मध्ये हर्पा आणि विकिंगच्या नागरी गाड्या, आणि त्यांच्याच मापाची रोकोची मिनीटँक्स ही लष्करी मालिका. त्यामुळे १/८७ मध्ये नागरी आणि लष्करी दोन्ही बाजू एकाच स्केलमध्ये सहज जुळतात, हा त्या छोट्या मापाचा मोठा फायदा.

शोधताना लष्करी नाव टाकू नका. 'एम १००९' शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही, 'ब्लेझर' शोधलंत तर खोकी निघतील. एकाच गाडीला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावं असतात: पजेरो काही बाजारांत मॉन्टेरो आणि शोगुन या नावांनी विकली गेली. सगळी नावं शोधून पाहा. रॅली, कॅम्पिंग, अग्निशमन, टोइंग अशा नावांची खोकीही उघडून पाहा, कारण आत तीच गाडी असते आणि वर टपावरचा रॅक, विंच, जाड टायर असे उपयोगी भाग जास्तीचे मिळतात. जुनं, उत्पादन बंद झालेलं किट घेताना स्प्रूंचं (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटींचं) छायाचित्र मागा. काच तडकलेली नाही ना आणि टायर बाकीच्या भागांना चिकटलेले नाहीत ना, हे दोन प्रश्न विचाराच. डेकल पिवळी पडली असतील तर चिंता नको, ती तशीही वापरायची नाहीत.

किट मिळालंच नाही तर थ्रीडी प्रिंटची फाइल मापात बदलता येते. १/३५ ची फाइल १/२४ करायची तर १४५.८ टक्के, १/२५ करायची तर १४० टक्के. उलट दिशेने जाताना भिंतीची जाडी बघा. १/२४ ची फाइल १/७२ केली की जाडी एक तृतीयांश उरते, आणि १ मिमीचा पत्रा ०.३३ मिमी होऊन प्रिंटमध्येच फाटतो. आधी जाडी वाढवा, मग माप कमी करा.

## ४. खोकं उघडल्यावर तपासणी

स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे? जपानी किट बऱ्याचदा उजव्या स्टेअरिंगची असतात. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या बहुतेक देशांत डावं स्टेअरिंग. काही किटमध्ये दोन्ही डॅशबोर्ड येतात. नसेल तर डॅशबोर्ड मधून कापून बाजू बदला, पेडल हलवा आणि वायपरची दिशाही उलटवा. वायपर सगळेच विसरतात. युक्रेनमध्ये मात्र ब्रिटनहून आलेले उजव्या स्टेअरिंगचे पिकअप खरोखर वापरात आहेत, त्यामुळे तिथे किट तसंच ठेवता येईल. छायाचित्र काय सांगतं ते पाहा.

खालचा भाग खरा आहे का? जुन्या किटमध्ये मोटर आणि बॅटरी बसवायची सोय असायची, म्हणून आतला तळ वर उचललेला आणि चॅसी सपाट असते. बंद काचांची गाडी असेल तर चालेल. हौदा उघडा असेल तर तळ खाली घ्यावा लागतो.

क्रोमचे भाग. लष्करी गाडीवर चकाकी जवळपास नसते, आणि क्रोमवर ना सिमेंट धरत ना रंग. घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की चांदीसारखा थर निघतो. त्याखालचा पिवळसर लॅकर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

मऊ टायर. यातलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि पॉलिस्टायरीनचे रिम वितळवतं. शक्य असेल तर रेझिन किंवा प्रिंट केलेली चाकं घ्या. नाहीतर रिमला चारही बाजूंनी रंग आणि व्हार्निशचा थर द्या. मऊ टायरवर इनॅमल रंग लावू नका, तो कधीच पुरता वाळत नाही.

रंगीत प्लास्टिक. लाल किंवा पिवळ्या प्लास्टिकचा रंग वरच्या पांढऱ्या थरातून झिरपतो. आधी चंदेरी रंगाचा एक थर द्या, मग प्रायमर.

धातूची तयार गाडी असेल तर खालच्या रिव्हेटवर ४ ते ५ मिमीचं ड्रिल फिरवून ती उघडा, रंग काढायच्या द्रावणाने धातूचा भाग साफ करा आणि धातूसाठीचा प्रायमर वापरा. प्लास्टिक सिमेंट धातूवर चालत नाही. जोडकाम सुपरग्लू किंवा इपॉक्सीने.

## ५. बॉडी: आधी काढायचं, मग लावायचं

दारांवरच्या शोभेच्या पट्ट्या, कंपनीची अक्षरं, मागचा पंख, जाड बंपर. खऱ्या लष्करी गाडीवर जे नाही ते कटर आडवा धरून खरवडा, ६०० आणि मग १००० नंबरने घासा. एम १००९ साठी आणखी एक काम: किटमधली रुंद, सजवलेली चाकं फेकून साधे सहा नटांचे पोलादी रिम लावा. पिकअप प्रकारची एम १००८ असेल तर आठ नटांचे. किटमध्ये पेट्रोल इंजिन असतं आणि खरी गाडी ६.२ लिटर डिझेलची, म्हणून बॉनेट बंद ठेवणं शहाणपणाचं.

पत्र्याची जाडी सगळ्यात जास्त घात करते. किटची भिंत १ ते १.२ मिमी असते, म्हणजे १/२४ मध्ये २४ ते २९ मिमी जाड पत्रा! छप्पर कापलं, दार उघडलं किंवा फाळका खाली केला की ही जाडी डोळ्यांत खुपते. सगळी भिंत पातळ करायची गरज नाही. दिसणारी कड आतून तिरकी घासून ०.३ मिमीवर आणा. हौद्याच्या बाजू आणि फाळका ०.५ मिमी शीटने नव्याने केलेला बरा. छप्पर कापण्याआधी बॉडीच्या आत दारांच्या पातळीवर आडवी पट्टी तात्पुरती चिकटवा, नाहीतर बाजू आत झुकतात आणि काच बसत नाही.

## ६. चाकं, पाटे आणि ओझं

टायरचा आकडा वाचायला शिका. २३५/८५ आर १६ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८५ टक्के, रिम १६ इंच. व्यास: ४०६ + २ × २०० = ८०६ मिमी. म्हणजे १/२४ मध्ये ३३.६ आणि १/३५ मध्ये २३ मिमी. किटमधली चाकं अनेकदा २ ते ३ मिमीने मोठी आणि फारच रुंद निघतात.

आता ओझं. झेडयू-२३-२ या तोफेचं वजन सुमारे ९५० किलो. वर दारूगोळा आणि तीन-चार माणसं. एक टनी पिकअपची मर्यादा तिथेच संपते. मागचे पाटे सपाट होतात किंवा उलटे वाकतात, मागचं टोक बसतं आणि नाक थोडं वर येतं. मागचा भाग ५० ते ७० मिमी खाली गेला असं धरलं तर १/३५ मध्ये १.५ ते २ मिमी, १/२४ मध्ये २ ते ३ मिमी. हा एवढासा बदल बाकी सगळ्या तपशिलांपेक्षा जास्त परिणाम करतो.

करायचं असं: पाट्यांच्या वरच्या कडेला दोन-तीन ठिकाणी अर्धवट काप द्या, हळूच सरळ करा, पातळ सिमेंट सोडा आणि रात्रभर चिमट्यात ठेवा. किंवा ॲक्सल आणि पाट्यांमधला ठोकळा तेवढा घासा. चाकं चिकटवताना गाडी काचेवर ठेवा, म्हणजे चारही टेकतात. टायरचा तळ ०.३ ते ०.५ मिमी सपाट घासा आणि तिथली बाजू इपॉक्सी पुट्टीने किंचित फुगवा. मागच्या टायरांना जास्त, पुढच्यांना कमी. एखाद्या गाडीत मालकाने जास्तीचे पाटे टाकलेले असतात. तसं छायाचित्रात दिसलं तर गाडी कमी बसवा आणि पाट्यांची चवड जाड करा.

## ७. शस्त्र, पोलाद आणि जाळ्या

तोफ हौद्याच्या पत्र्यावर नुसती चिकटवली तर मॉडेल तिथेच खोटं पडतं. खऱ्या गाडीत तो पातळ पत्रा पहिल्याच फैरीला फाटेल. म्हणून बूड चॅसीच्या लांब तुळयांपर्यंत नेलेलं असतं: हौद्यात आडवे सी किंवा एल आकाराचे बार, त्यांवर जाड चौकोनी प्लेट, प्लेटवर नळीचा उभा खांब, खांबाला तिरके आधार, आणि बोल्ट. मॉडेलमध्ये हाच क्रम ठेवा. ५० मिमीचा अँगल १/३५ मध्ये १.४ मिमी, १० मिमीची प्लेट ०.२९ मिमी, म्हणजे ०.२५ ची शीट चालते. बोल्टसाठी षटकोनी पट्टीचे पातळ काप. वेल्डिंगसाठी स्प्रूचा दांडा गरम करून ताणलेला बारीक धागा सांध्यावर ठेवा, पातळ सिमेंटने मऊ करा आणि कटरच्या टोकाने जवळजवळ टोचत जा. ओबडधोबड झालं तरी हरकत नाही, खरं वेल्डिंगही अशा गाड्यांवर तसंच असतं.

नळीची लांबी आणि केबिनची उंची जुळवून पाहा. १०६ मिमीची एम ४० रिकॉयललेस तोफ ३.४ मीटर लांब आहे, १/३५ मध्ये ९७ मिमी. ती पुढे तोंड करून बसवली तर केबिनवरून जाते, म्हणून अनेक गाड्यांत छप्पर आणि पुढची काच काढलेली असते. मागे निघणारी ज्वाळाही लक्षात घ्या. एम ४० च्या थेट मागे माणूस किंवा दारूगोळ्याची पेटी ठेवू नका.

घरगुती चिलखताची ६ मिमी प्लेट १/३५ मध्ये ०.१७ मिमी भरते, ०.२५ च्या शीटची कड घासून काम भागतं. कडा गॅस कटरने कापल्यासारख्या किंचित वेड्यावाकड्या ठेवा. २०२२ नंतर ड्रोनपासून बचावासाठी पिकअपवर जाळीचे पिंजरे दिसतात. १२ मिमीची सळई १/३५ मध्ये ०.३४ आणि १/२४ मध्ये ०.५ मिमी, त्याला तांब्याची तार उत्तम. ५० मिमी छिद्राची जाळी १/३५ मध्ये १.४ मिमी छिद्राची लागेल. चहागाळणीची जाळी फार बारीक पडते.

## ८. काचा

काचेजवळ सुपरग्लू वापरू नका. वाफेने काच पांढुरकी होते आणि ती पुन्हा स्वच्छ करणं कठीण. पांढरा गोंद किंवा चकचकीत ॲक्रिलिक व्हार्निश पुरतं. किटची काच जाड असेल तर ०.२ मिमी पारदर्शक शीटमधून नवी कापा. मॅट व्हार्निशच्या आधी काचा आतून-बाहेरून झाका. धुळीचा थर देताना वायपरच्या चापाएवढं मास्क कापून लावा. स्वच्छ पुसलेला तो पंखा गाडी चालती आहे असं सांगतो.

## ९. रंग

अधिकृत लष्करी गाडीचा रंग ठरलेला असतो. नाटोची तीन रंगी छटा जर्मन गाड्यांवर आरएएल (रंगांची जर्मन प्रमाणित यादी) ६०३१ हिरवा, ८०२७ तपकिरी आणि ९०२१ काळा. त्याआधीच्या जर्मन गाड्यांवर आरएएल ६०१४ पिवळट ऑलिव्ह. म्हणजे एकाच टी३ व्हॅनला वर्षानुसार दोन रूपं. संयुक्त राष्ट्रांची गाडी पांढरी, दारांवर, बॉनेटवर आणि छपरावर काळी यूएन अक्षरं, पुढच्या बंपरवर लांब लवचीक एचएफ (दूर पल्ल्याच्या रेडिओची) अँटेना, तिचं टोक बऱ्याचदा मागे ओढून बांधलेलं. निव्वळ पांढरा मारू नका, अगदी थोडा करडा मिसळा, नाहीतर तपशील हरवतो.

सशस्त्र पिकअप घाईत रंगवलेले असतात, आणि तिथे तुम्हाला मोकळीक मिळते. आधी पूर्ण गाडी मूळ नागरी रंगात, चकचकीत रंगवा. त्यावर हेअरस्प्रे किंवा चिपिंग द्रावण (म्हणजे वरचा रंग ओला करून सोलता येतो), मग मॅट हिरवा किंवा वाळूचा रंग, शेवटी ओल्या ब्रशने हँडल, दाराच्या कडा, हौद्याची वरची धार इथे खरवडा. दारांच्या आतल्या चौकटी, इंजिनाची जागा आणि फाळक्याची आतली बाजू मूळ रंगातच राहू द्या, कारण रोलर तिथे पोहोचत नाही. रबरी पट्ट्यांवर, दिव्यांच्या कडांवर थोडा रंग सांडलेला दाखवा. गंज मात्र आवरा. बहुतेक पिकअप पाच-दहा वर्षांच्या असतात. चॅसी, सायलेन्सर आणि वेल्डिंगचे सांधे सोडले तर गंजापेक्षा धूळ जास्त असते. धूळ खालून वर विरत जाते, चाकांच्या मागे सर्वांत दाट, आणि हौद्याच्या तळाला कोपऱ्यांत साठलेली.

## १०. अक्षरं आणि सामान

घरी छापलेली डेकल लागतीलच. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी पांढऱ्या डेकल कागदावर भोवतालचा रंग छापा किंवा स्टेन्सिल कापा. इंकजेटने छापलं तर पाण्यात टाकण्याआधी व्हार्निशचे दोन थर, अन्यथा शाई विरघळते. डेकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावा. मॅटवर लावलं तर खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. पिकअपच्या दारावरची जुन्या कंपनीची अर्धवट पुसलेली जाहिरात खऱ्या गाड्यांवर सर्रास दिसते, पण नंबरप्लेट त्या देशाच्या पद्धतीचीच असू द्या.

सामान सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक वस्तू बांधलेली. दोरी, पट्टा, खोबणी, काहीतरी हवंच. घोंगड्या आणि ताडपत्री इपॉक्सी पुट्टीच्या पातळ चादरीने करा आणि पुट्टी मऊ असतानाच जागेवर दाबा, म्हणजे खालच्या पेट्यांचे कोपरे उमटतात. आधी वाळवून नंतर चिकटवलेली ताडपत्री हवेत तरंगते. माणसं बसवणार असाल तर सीटला आणि हौद्याच्या कडेला त्यांचे तळ जुळेपर्यंत घासा. १.७५ मीटरचा माणूस १/३५ मध्ये ५० आणि १/२४ मध्ये ७३ मिमी भरतो. १/२४ मध्ये लष्करी माणसं कमी मिळतात, तेव्हा नागरी पोशाखातली घेऊन त्यांच्यावर काडतूसपट्टे आणि जाकिटं पुट्टीने चढवा. माणसं बसल्यावर गाडीची मागची उंची पुन्हा एकदा कॅलिपरने मोजा.